‘मला नाही’ आणि ‘माझ्याकडे नाही’

उत्तरपत्रिका तपासताना गेल्या काही वर्षांत एका जातीची वाक्ये आम्हांला वारंवार अडवू लागली आहेत. ‘नायिकेकडे दोन भाऊ आहेत.’ ‘कवीकडे निसर्गाची ओढ आहे.’ ‘लेखकाकडे गावाच्या आठवणी आहेत.’ वर्गातही कोणी हात वर करून ‘सर, माझ्याकडे एक शंका आहे’ असे म्हणते आणि ती शंका दप्तरात घालून आणलेली असावी असा भास होतो. यांतले एकही वाक्य न समजण्याजोगे नाही. शुद्धलेखनाची चूकही त्यांत नाही. तरीही लाल पेन थबकते. या थबकण्याची कारणे शोधण्याचा हा प्रयत्न आहे. शोधता शोधता आमचे मूळ मत थोडे हलले, तेही येथे नोंदवायला हवे.

मराठीत इंग्रजी ‘हॅव’सारखे, कशालाही चालणारे मालकीचे क्रियापद नाही. ‘बाळगणे’ आहे, पण आपण बाळगतो ते शस्त्र, आशा किंवा भीती. भाऊ बाळगत नाही. एरवी सगळा कारभार ‘असणे’ या एका क्रियापदावर चालतो आणि संबंध कोणत्या जातीचा आहे हे ठरते ते मालकाच्या रूपावरून. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘त्याला दाढी आहे’, ‘तिला ताप आहे’, ‘खोलीला दोन खिडक्या आहेत’: येथे ‘ला’ आहे, कारण या गोष्टी उचलून दुसऱ्याला देता येत नाहीत. ‘माझ्याकडे तुझे पुस्तक आहे’: पुस्तक तुझेच आहे, माझ्या घरी आहे एवढेच. ‘माझ्याजवळ सुटे पैसे आहेत’: आत्ता, या क्षणी, खिशात. गुण असतील तर ते माणसात किंवा त्याच्या अंगी असतात, अनुभव गाठीला असतो, प्रश्न पुढे असतो, दुर्मीळ ग्रंथ संग्रही असतो. मुली पदरी असतात. आणि ‘तिच्या पदरी दोन मुली आहेत’ असे म्हटले की ती बाई एकटीच संसार ओढते आहे हे न सांगता कळते. ‘तिला दोन मुली आहेत’ यात ते ओझे नाही. ‘तिच्याकडे दोन मुली आहेत’ म्हटले तर आमच्या डोळ्यांपुढे पाळणाघर उभे राहते.

षष्ठीची गोष्ट आणखी वेगळी आहे. ‘माझा भाऊ’, ‘माझी वाडी’, ‘माझे घर’ यांत मालक मी असलो तरी लिंग-वचन वस्तूचे चालते. मालक वस्तूपुढे वाकतो. षष्ठ्यन्त पद असे विशेषणासारखे वागत असल्यामुळे तिला इतर विभक्तींच्या पंक्तीत बसवावे की नाही, यावर आपल्याकडे पुष्कळ खल झालेला आहे. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911चे, कृ. श्री. अर्जुनवाडकरांचे ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ 1987चे, एवढ्या काळात विभक्तीविषयीचा वाद मिटला असे म्हणता येणार नाही. तो येथे उकरून काढण्याचा आमचा इरादा नाही. आम्हांला हवी आहे ती वाक्यातली जाणीव, आणि ती व्याकरण न शिकलेल्या माणसालाही पुरेपूर असते. ‘मला आई नाही’ म्हणणारा पोरका आहे. ‘ही माझी आई नाही’ म्हणणारा ओळख नाकारतो आहे. ‘आई सध्या माझ्याकडे नाही’ म्हणणाऱ्याची आई धाकट्या भावाकडे राहायला गेली आहे. शब्द तेच आहेत, माणसाची स्थिती मात्र तिन्ही वेळा वेगळी.

याच संदर्भात ‘दीवार’ (1975) या हिंदी चित्रपटातला दोन भावांचा तो सुप्रसिद्ध संवाद आठवतो. हिंदीतही आई ‘पास’ने सांगत नाहीत. पण मोठा भाऊ आपल्या गाडी-बंगल्याची यादी ‘पास’ने वाचतो, म्हणून धाकट्याला आपली आईही त्याच शब्दाने त्या यादीसमोर ठेवावी लागते. प्रेक्षक टाळ्या वाजवतो त्या व्याकरणातल्या या चुकीलाच, असे आमचे मत आहे. चूक ऐकू येण्यासाठी आधी भेद कानात असावा लागतो. आमच्या उत्तरपत्रिकांतल्या ‘नायिकेकडे दोन भाऊ आहेत’ला कोणी टाळ्या वाजवणार नाही.

आता या सर्वांचे खापर इंग्रजीवर फोडून मोकळे होता आले असते. पहिला मसुदा आम्ही तसाच केला होता. पण आमच्यापैकी एकाने मुंबई विद्यापीठाच्या रशियन विभागात हौसेने प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला होता. त्याने त्या मसुद्यावर एकच आक्षेप घेतला आणि तो आम्हांला खोडता आला नाही.

रशियनमध्येही मालकी ‘असणे’नेच सांगतात. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ हे ‘उ मिन्या येस्त् क्नीगा’ असे होते. ‘उ’ म्हणजे जवळ, पाशी. खिडकीपाशी उभे राहायचे झाले तरी हाच ‘उ’ लागतो. ‘मिन्या’ हे ‘मी’चे षष्ठीचे रूप. ‘येस्त्’ हा आपल्या संस्कृत ‘अस्ति’चा सख्खा भाऊ. येथवर घरच्यासारखेच वाटते. गंमत पुढे आहे. भाऊ असेल तरी ‘उ मिन्या’. निळे डोळे असतील तरी ‘उ मिन्या’. डोके दुखत असेल तरी ‘उ मिन्या’. म्हणजे ज्या सपाटीकरणाबद्दल आम्ही विद्यार्थ्यांना दोष देत होतो, ते टॉलस्टॉय आणि चेखव यांच्या भाषेत प्रथमपासून सुखाने नांदते आहे! चेखवची पात्रे भावाला आणि छत्रीला एकाच ‘उ’ने आपल्यापाशी ठेवतात, आणि त्यामुळे त्यांचे भावविश्व उथळ झाले असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आक्षेप बिनतोड होता. मात्र त्याच सहकाऱ्याने पुढे ‘नाही’चे वाक्य फळ्यावर लिहिले आणि चित्र फिरले. ‘माझ्याकडे पुस्तक नाही’ हे रशियनमध्ये ‘उ मिन्या न्येत् क्नीगी’. ‘क्नीगा’चे ‘क्नीगी’ झाले, म्हणजे पुस्तक प्रथमेतून षष्ठीत गेले. जे आहे ते कर्ता असते. जे नाही त्याला कर्तेपणाचा अधिकार उरत नाही. भूतकाळात हे अधिक स्पष्ट होते. पुस्तक होते तेव्हा क्रियापद पुस्तकाप्रमाणे स्त्रीलिंगी चालते, ‘बिला क्नीगा’. पुस्तक नव्हते म्हटले की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसते, ‘न्ये बिलो क्नीगी’, मग नसलेल्या वस्तू एक असोत वा शंभर. (उच्चार बाजूला ठेवून येथे लेखनानुसार लिहिले आहे, जाणकारांनी क्षमा करावी.) माणसांनाही सवलत नाही. रशियन ‘मामा’ म्हणजे आई. ती घरी असली तर ‘मामा दोमा’. नसली तर ‘मामी न्येत् दोमा’. मामा घरी नसला की त्याची मामी होते, हे वाक्य आम्ही वर्गात सांगतो तेव्हा षष्ठी विभक्ती कोणी विसरत नाही.

यातली बारीक छटा फार देखणी आहे. ‘वडील मॉस्कोत नव्हते’ हे वडिलांना प्रथमेत ठेवूनही सांगता येते आणि षष्ठीत घालूनही. प्रथमेत ठेवले तर वडील आपल्यासमोर आहेत, ते मॉस्कोला कधी गेले नाहीत एवढाच अर्थ. षष्ठीत घातले तर आपण मॉस्कोत आहोत, आणि तेथे वडील दिसत नाहीत. एका वाक्यात माणसाची हकिगत आहे, दुसऱ्यात त्याची रिकामी जागा. या विभक्तीचे रशियन नाव ‘रोदीतेल्नी’. आणि ‘रोदीतेली’ म्हणजे आईवडील, जन्मदाते. नाव जन्माचे आणि काम अभावाचे.

मराठीत असे होत नाही. ‘माझ्याकडे पुस्तक नव्हते’, ‘छत्री नव्हती’, ‘पैसे नव्हते’: नसलेली वस्तू आपले लिंग, आपले वचन आणि आपले कर्तेपण राखून असते. आणखी एक. रशियन ‘न्येत्’ हा जागचा न हलणारा शब्द आहे. आपल्याकडे ‘नसणे’ हे स्वतंत्र चालणारे क्रियापद आहे, नसतो, नसला, नसेल, नसावा, नसती. अभावाचे सर्व काळ आणि सर्व अर्थ आपण त्यातून चालवतो. ‘त्याचे नसणे’ असे नामही सहज करतो. मराठीत गेलेला माणूससुद्धा वाक्यात कर्ता राहतो. ‘आजोबा आता नाहीत’: ‘नाहीत’ हे आदरार्थी अनेकवचन आहे. मृत्यूनंतरही मान उतरत नाही.

मात्र घरातल्या भांडणांकडे कान दिला तर मराठीलाही ती रशियन वाट ठाऊक आहे असे दिसते. साधे ‘घरात तेल नाही’ म्हणून जेव्हा पुरत नाही, तेव्हा ‘तेलाचा थेंब नाही’, ‘मिठाचा खडा नाही’, ‘धान्याचा दाणा नाही’ अशी वाक्ये येतात. ‘पावसाचा पत्ता नाही.’ ‘झोपेचे नाव नाही.’ जे नाही ते येथे षष्ठीत गेले आणि त्याच्या जागी थेंब, खडा, दाणा, पत्ता, नाव असे काहीतरी क्षुल्लक कर्ता होऊन उभे राहिले. रशियनमधली अभावाची षष्ठी अंशवाचक षष्ठीशी, म्हणजे ‘त्यातला थोडासुद्धा नाही’ या कल्पनेशी निगडित आहे असे अनेक अभ्यासक मानतात. मग आपल्या स्वयंपाकघरातल्या वाक्यांत तीच कल्पना अजून उघडीवाघडी वावरते आहे, असे म्हणायला हरकत नसावी. रशियनने तिचा नियम केला. मराठीने ती अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवली.

यातून आमच्या मूळ मताला एक नवा आधार मिळाला, आणि तो पहिल्यापेक्षा बरा आहे. रशियन भाषा मालकाच्या बाजूला कंजूष आहे. पण ती वस्तूच्या बाजूला, आहे आणि नाही यांत, भेद राखते. मराठीचे उलट. वस्तूला ती हात लावत नाही. सगळी बारीक विणकाम मालकाच्या बाजूला, ‘मला-माझे-माझ्याकडे-माझ्याजवळ-माझ्यात-माझ्या नावावर’ यांत आहे. तेव्हा मराठीने जर ही बाजू गुंडाळून सगळे ‘कडे’त भरले, तर दुसऱ्या बाजूला तिची भरपाई करणारे काही नाही. रशियनला जो सपाटपणा परवडतो तो मराठीला परवडेलच असे नाही.

येथे एरिक फ्रॉमची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘टु हॅव ऑर टु बी?’ (1976) या पुस्तकात त्याने असे सुचवले आहे की, अनेक भाषांत ‘हॅव’ला शब्द नाही आणि हा शब्द खाजगी मालमत्तेच्या वाढीबरोबर विकसित होत असावा. आपल्याकडच्या साहित्यचर्चेत ही कल्पना फार आवडीने उद्धृत होते. आपली भाषा निर्लोभ, असा तिचा सुखद अर्थ निघतो. आम्हांला ती पटत नाही. ज्यांच्या भाषेत ‘हॅव’ नाही, ते लोक मालकीविषयी उदासीन असतात हे ज्याला खरे वाटते, त्याने वसईच्या दिवाणी न्यायालयाच्या आवारात एक सकाळ काढावी. भाषावैज्ञानिक इसाचेंको याने 1974 मध्ये ‘हॅव’च्या भाषा आणि ‘बी’च्या भाषा अशी जी विभागणी चर्चेत आणली, तीतही पोलिश-चेक एका बाजूला आणि रशियन दुसऱ्या बाजूला पडतात. एकाच कुळातल्या या बहिणी. त्यांच्या समाजांच्या लोभात त्याच मापाचा फरक होता असे इतिहास सांगत नाही.

उलट जमिनीच्या बाबतीत मराठीचे भेद किती धारदार आहेत हे आमच्या परिसरात रोज ऐकू येते. ‘त्यांना वाडी आहे’ या वाक्यात वाडी भावासारखी, हातापायासारखी आहे. ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तीत विहीर आहे, केळी आहेत, आणि तिच्यामुळे त्या घराला लग्नाच्या बाजारात एक वजन आहे. ‘त्यांच्याकडे वाडी आहे’ म्हटले की प्रश्न उरतो: कसतात की राखतात? ‘त्यांच्या नावावर वाडी आहे’ हे तलाठ्याचे वाक्य. सातबारावरही ‘मालक’ असा शब्द नसून ‘भोगवटादार’ आहे, आणि कुळाची नोंद वेगळी होते. 1948च्या कूळकायद्याने आणि त्यातील 1 एप्रिल 1957 या कृषकदिनाने जे केले ते व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर ‘कडे’चे ‘नावावर’ केले. ज्याच्याकडे जमीन होती त्याला तिचा खरेदीदार मानले. पुढे गेल्या काही दशकांत वाड्या जाऊन इमारती आल्या, तशी पाटीवरची भाषाही बदलली. ‘आमच्याकडे वन बीएचके आहेत’ याचा अर्थ ते विकायचे आहेत असा होतो. दुकानदाराला ‘तुमच्याकडे साखर आहे का?’ विचारतात ते याच अर्थाने. ‘कडे’ ही हातबदलाची विभक्ती आहे. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे.

अर्थात ‘कडे’ला सरसकट बाजारू ठरवणेही अन्यायाचे होईल. ‘आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो’, ‘आमच्याकडे नाताळात सगळे घरी येतात’ यांतला ‘कडे’ घर, कुळी, रीत असे सारेच सांगतो, आणि रशियन ‘उ नास’ अगदी तोच आहे. आमची तक्रार ‘कडे’ वापरण्याबद्दल नाही, त्याच्या जागी दुसरे काही आठवेनासे होण्याबद्दल आहे.

आणि यात अनुवादाचा वाटा मोठा आहे, असे आम्हांला वाटते. रशियन साहित्य मराठीत आले ते बहुतांशी इंग्रजीच्या वाटेने. थेट रशियनवरून अनुवाद झालेच नाहीत असे नाही. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनांसाठी अनिल हवालदारांनी ते काम केले. 1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर ती स्वस्त आणि देखणी पुस्तके येणे थांबले. कोल्हापूरच्या मेघा पानसरे यांनीही थेट रशियनवरून अनुवाद केले आहेत. पण विद्यार्थी जे वाचतो त्यातले बरेचसे इंग्रजीतून आलेले असते. म्हणजे ‘असणे’वर चालणाऱ्या दोन भाषा ‘हॅव’च्या घरी जाऊन एकमेकींना भेटतात. मूळ ‘उ’ इंग्रजीत ‘हॅव’ होतो, आणि तो मराठीत येताना अनुवादक शब्दकोशाच्या सवयीने ‘कडे’ लिहितो. आता यंत्रानुवाद तेच काम क्षणात करतो आणि कोणाच्या कानाला विचारतही नाही.

टॉलस्टॉयची 1886ची, माणसाला किती जमीन लागते हे विचारणारी कथा घ्या. तिचा नायक पाहोम आधी थोडी जमीन विकत घेतो, नंतर दुसऱ्या मुलखात जाऊन आणखी कसतो, त्यात काही खंडानेही घेतो, आणि शेवटी सूर्यास्तापर्यंत पायी फिरून जेवढी घेरेल तेवढी मिळवायला निघतो आणि धापा टाकत मरतो. मराठी अनुवादकाला येथे मूळ लेखकालाही नसलेली सोय आहे. खंडाची जमीन पाहोमकडे असते. विकत घेतलेली त्याच्या नावावर होते. आणि ‘पाहोमला जमीन आहे’ असे कोणीही शांतपणे म्हणावे ती वेळ त्या कथेत कधीच येत नाही. तीन रूपे जागच्या जागी वापरली तर कथेचा अर्धा अर्थ विभक्तीतच येऊन जाईल. सगळीकडे ‘पाहोमकडे जमीन होती’ लिहिणाऱ्या अनुवादकाने चूक काहीच केलेली नसते, आणि तरी बरेच काही वाया घालवलेले असते.

शेवटी एक प्रसंग, आमच्याच अंगावर आलेला. अंतर्गत परीक्षेत ‘माझे गाव’ या विषयावर एका विद्यार्थिनीने लिहिले होते, ‘पूर्वी आमच्याकडे वाडी होती.’ आम्ही सवयीने ‘आमच्याकडे’खाली रेघ मारली आणि समासात ‘आम्हांला’ असे लिहिले. पेपर परत दिल्यावर ती विचारायला आली. आम्ही तिला भावाचे, दाढीचे, खोलीच्या खिडक्यांचे उदाहरण दिले. तिने ते नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, “पण सर, वाडी आमची नव्हती. आजोबा दुसऱ्यांची कसायचे. कुळात त्यांचे नाव कधी लागलेच नाही. मालकांनी विकली तेव्हा आम्ही निघालो.” 

‘आम्हांला’ खोडले आणि कापलेला अर्धा गुण परत दिला. तिच्या पुढच्याच वाक्याखाली मात्र आम्ही काही खूण केलेली नव्हती. ते होते: ‘आता तिथे विहिरीचा पत्ता नाही.’